विमानाची तपासणी : पाहणे, लिहिणे आणि ‘नाही’ म्हणणे

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, चिंचपाडा, कोंबडभुजे, तरघर, कोल्ही, कोपर अशा गावांतील घरे उठली, तेव्हा कोठे ती धावपट्टी उभी राहिली. आता संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले की दिवे लागलेले विमान दिसते आणि घरातील मुले बोट दाखवितात. आम्हांला अशा वेळी एकच प्रश्न पडतो. या विमानाला ‘उडावयास हरकत नाही’ असे आज कोणी म्हटले? आणि तसे म्हणण्यापूर्वी त्याने काय काय पाहिले?

आम्ही काही विमानाचे इंजिनियर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे शिक्षण ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयातून घरी आणलेल्या पुस्तकांवर झाले. परंतु तपासणी ही गोष्ट आम्हांला परकी नाही; किंबहुना तिने आम्हांला तरुणपणी चांगलाच धडा दिलेला आहे. तो पुढे सांगूच. शिवाय ज्यांच्या भातखाचरांवर धावपट्टी झाली, त्यांची मुले आता विमानाच्या कामात शिरू लागली आहेत. ती आमच्याकडे येतात, कामाच्या तासांविषयी, पाळ्यांविषयी बोलतात. त्यांचे ऐकता ऐकता आम्ही या विषयाचे जे काही वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

आरंभी थोडे मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन विमान निघविले आणि ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरविले. त्या कंपनीची सुरुवातीची मालमत्ता म्हणजे एका इंजिनाची दोन छोटी विमाने आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. माणसे म्हणाल तर अर्धवेळ काम करणारा एक इंजिनियर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात आणि भरतीच्या पाण्यात जाई, म्हणून बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. त्या विमानाची तपासणी म्हणजे एका माणसाने त्याच्याभोवती फिरून हाताने चाचपणे, तारा ओढून पाहणे आणि इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकणे. आज विमानात लाखो सुटे भाग असतात आणि एका माणसाच्या डोक्यात ते सारे मावत नाहीत. म्हणून तपासणीचे शास्त्र बनले. तथापि त्या शास्त्राच्या मुळाशी अजूनही एक माणूस, त्याच्या हातातली बॅटरी आणि त्याची सही याच तीन गोष्टी आहेत.

ही सही कायद्याची असते. आपल्याकडे १९३४ सालचा विमान कायदा होता; त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याखाली नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे लोक ज्याला डीजीसीए म्हणतात ते खाते, विमान दुरुस्तीच्या इंजिनियरांना परीक्षा आणि कामाचा अनुभव पाहून परवाना देते. कोणाचा परवाना इंजिन आणि सांगाड्याचा, कोणाचा वीज आणि उपकरणांचा. पाने फिरविणारे, पॅनेल उघडणारे, तेल पुसणारे हात अनेक असतात, परंतु काम संपल्यावर ‘हे विमान सेवेत सोडण्यास योग्य आहे’ असे लिहून देण्याचा अधिकार परवानाधारकाचाच. ती सही नसेल तर कंपनीचा सर्वोच्च अधिकारीही विमान उडवू शकत नाही. हा मुद्दा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. शेवटी आम्हांला पुन्हा येथेच यावयाचे आहे.

तपासणीचे प्रकार समजण्यास कठीण नाहीत. आपल्या घराचेच उदाहरण घ्या. आपण रोज केर काढतो, आठवड्यास जळमटे झाडतो, दिवाळीला सामान बाहेर काढून भिंती रंगवितो आणि काही वर्षांनी छपरावरची कौले उतरवून वासे पाहतो. विमानाचेही तसेच आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी भोवती फिरून पाहणी होते. दिवसाची आणि आठवड्याची तपासणी वेगळी. काही शे तास उड्डाण झाले की ‘ए चेक’ येतो आणि तो बहुधा एका रात्रीत उरकतो. साधारण दीड-दोन वर्षांनी ‘सी चेक’ येतो. तेव्हा विमान कित्येक दिवस हँगरमध्ये उभे राहते आणि पॅनेले, खुर्च्या, जमिनीच्या फळ्या उघडल्या जातात. सर्वांत मोठी तपासणी सहा ते दहा वर्षांनी. तीत विमान जवळजवळ सोलले जाते. अशा मोठ्या कामासाठी महाराष्ट्रात मुंबईच्या जुन्या विमानतळावर हँगरे उभी राहिली आणि नागपूरला मिहानमध्ये बोइंग कंपनीने उभारलेले हँगर २०१५ साली सुरू झाले.

आता रोजच्या पाहणीत माणूस पाहतो तरी काय? तो नाकापासून निघतो आणि एका ठरावीक वाटेने सबंध विमानास वळसा घालून पुन्हा नाकाशी येतो. वाट ठरलेली असते याला कारण आहे. मनास येईल तसे फिरले की जे नजरेस पडते तेच पाहिले जाते. वाट ठरली म्हणजे जे पाहावयाचे आहे ते पाहिले जाते. टायरवर काप आहे काय, खाचा झिजल्या आहेत काय. ब्रेकवर एक लहान खुंटी असते, ती किती बाहेर उरली आहे यावरून ब्रेक किती शिल्लक आहे ते कळते. चाकाच्या खांबाचा चकचकीत भाग किती दिसतो यावरून आतल्या वायूचा आणि तेलाचा अंदाज येतो. हायड्रॉलिकचे तेल जांभळट असते. जमिनीवर तसा डाग दिसला तर तो कोठून आला हे शोधलेच पाहिजे. इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पात्यांवर खाच आहे का, हे नजरेने आणि जरूर तर बोट फिरवून पाहावयाचे. इंजिनाचे तेल मात्र केव्हाही मोजून चालत नाही. इंजिन बंद झाल्यावर ठरवून दिलेल्या वेळातच ते मोजावे लागते, नाहीतर आकडा खोटा येतो. पक्षी आदळल्याचे रक्त किंवा पिसे आहेत का, हेही पाहावे लागते. नवी मुंबईला एका बाजूस खाडी आणि रोहित पक्ष्यांची पाणथळे, दुसऱ्या बाजूस कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य; तेव्हा येथे हा मुद्दा पुस्तकी राहात नाही.

डोळ्यांना जे दिसत नाही त्यासाठी साधने आहेत. इंजिनाच्या पोटात बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा घालतात, डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात तसाच. तडा गेल्याचा संशय असलेल्या जागी रंगीत द्रव लावतात, पुसतात आणि वर पांढरी भुकटी टाकतात. तडा असेल तर आत शिरलेला रंग भुकटीत वर येतो. ध्वनीच्या लहरी धातूतून सोडून, किंवा विजेचे भोवरे धातूत निर्माण करूनही आतली भेग ओळखता येते. परंतु साधन कोठे लावावयाचे हे माणसालाच ठरवावे लागते.

विमानाला तडा जातोच कशाने, असे कोणी विचारील. लोखंडाची तार हाताने एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा वाकविली तर एकदम तुटते. धातूसही थकवा येतो. विमान वर जाते तेव्हा आत माणसांना श्वास घेता यावा म्हणून हवेचा दाब वाढवितात, आणि त्या दाबाने सबंध धड फुग्यासारखे किंचित फुगते. खाली उतरले की पूर्ववत होते. म्हणजे प्रत्येक उड्डाणात तार एकदा वाकली. म्हणून विमानाचे आयुष्य केवळ तासांत मोजत नाहीत, उड्डाणांतही मोजतात. मुंबई-गोव्याची लहान फेरी आणि मुंबई-लंडनची लांब फेरी, दोन्ही धडाच्या हिशेबात सारख्याच.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीचे बोइंग ७३७ विमान चोवीस हजार फुटांवर असताना त्याच्या छताचा सुमारे अठरा फूट लांबीचा भाग उडून गेला. एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली आणि तिचा मृत्यू झाला; बाकीचे ९४ जण घेऊन वैमानिकांनी विमान उघड्या छताने खाली उतरविले. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती आणि तास अवघे साडेपस्तीस हजारांच्या आसपास. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, सरासरी पंचवीस मिनिटांहून कमी वेळाचे उड्डाण, आणि दिवसभर समुद्राची खारी हवा. पत्र्यांचे सांधे सुटत चालले होते, रिव्हेटांच्या भोकांतून बारीक तडे वाढत होते आणि कंपनीच्या तपासणीत ते सापडले नाहीत. विमानात चढताना एका प्रवासी बाईस दरवाजाजवळ भेग दिसलीही होती. ती कोणास बोलली नाही.

ही भेग आम्ही पुष्कळदा डोळ्यांसमोर आणतो. प्रवाशाने सांगितले नाही हे समजू शकते; त्याला वाटणार, आपल्याला काय कळते? पण ज्याचे कामच पाहण्याचे आहे त्याला का दिसू नये? याचे उत्तर तपासणीची परिस्थिती पाहिल्याशिवाय मिळत नाही. विमाने दिवसा उडतात, म्हणून तपासणी बहुधा रात्री होते. शेकडो रिव्हेट एकामागून एक, सगळे सारखे, मान वर करून, शिडीवर उभे राहून पाहावयाचे. नऊशे नव्व्याण्णव ठीक असतात. पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाचे शरीर झोप मागत असते. डोळे उघडे राहतात पण मन पाहात नाही. अशा वेळी जो पाहणार त्याला प्रकाश, विसावा आणि जोडीदार हे तिन्ही मिळाले पाहिजेत. त्यांपैकी एक नसेल तर कागदावर तपासणी होते, विमानाची होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे तो गंज. लोखंडाचा गंज तांबडा असतो म्हणून लगेच दिसतो. विमानाचे ॲल्युमिनियम गंजले की पांढरी भुकटी होते किंवा रंगाखाली बारीक फोड येतात. स्वयंपाकाच्या कप्प्याखाली आणि संडासाखाली ओल साठते, तेथे तो हमखास लागतो. पाणी निचरण्याची भोके केराने तुंबली की त्यांच्या मागे पाणी राहते. पावसाळ्यात कोकणातल्या घरांची जी स्थिती, तीच येथे. म्हणून समुद्रकाठी राहणाऱ्या विमानाची तपासणी करणाऱ्याने केवळ यंत्र जाणून चालत नाही. त्याला आपली हवाही जाणावी लागते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विमानात महत्त्वाचे प्रत्येक साधन दोन किंवा तीन असते, एक बिघडले तर दुसऱ्यावर काम चालावे म्हणून. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान सांताक्रूझहून उडून थोड्याच वेळात वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. आम्ही तेव्हा लहान होतो, पण वडील मंडळी कित्येक दिवस तेच बोलत होती, हे आठवते. कॅप्टनसमोरचे, विमान कोणत्या बाजूस कलले आहे ते दाखविणारे उपकरण बिघडले होते आणि बाहेर काळोखात क्षितिज दिसत नव्हते. त्यामुळे दिशेचा भ्रम झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्याच जातीची आणखी उपकरणे विमानात होती. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. जोडीचे साधन असले म्हणजे संकट टळलेच असे नाही. आणि जोडीचे साधन खरोखर चालू आहे की नुसते बसविलेले आहे, हे पाहणे हेच तपासणी करणाऱ्याचे मोठे काम आहे, कारण पहिले चालू असते तोवर दुसऱ्याच्या बिघाडाची कोणाला गरज भासत नाही.

पाहून झाले की लिहावयाचे. विमानाच्या कामात लिहिणे हा कारकुनी भाग नाही. ११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यात कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचे विमान उतरता उतरता हवेतच मोडले आणि चौदाच्या चौदा जण गेले. त्याच्या शेपटीच्या आडव्या पंखाच्या कडेवरचे ४७ स्क्रू जागेवर नव्हते. आदल्या रात्री हँगरमध्ये काम चालू होते. संध्याकाळच्या पाळीचा तपासनीस मदतीच्या भावनेने स्वतः वर चढला आणि त्याने डाव्या बाजूचे वरचे स्क्रू काढले. त्या रात्री काम फक्त उजव्या बाजूचे झाले. पाळी बदलली, डाव्या बाजूचे स्क्रू काढले आहेत ही गोष्ट कामाच्या कार्डावर नीट लिहिली गेली नाही आणि रात्रीच्या पाळीला ती कळली नाही. सकाळी विमान सेवेत सोडले गेले.

त्या तपासनीसाचा हेतू वाईट होता काय? मुळीच नाही. उलट तो कामसू होता. पण तपासणाऱ्याने स्वतः स्क्रूड्रायव्हर हाती घेतला की तपासणारा उरत नाही. स्वतः केलेल्या कामातली चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. आपण लिहिलेल्या पत्रातील अशुद्ध शब्द दुसऱ्याने दाखवावा लागतो तसेच हे आहे. म्हणून नाजूक जागी एकाने काम करावयाचे आणि दुसऱ्याने, त्या कामात हात न घातलेल्याने, तपासावयाचे असा दंडक आहे. आणि पाळी सोपविताना तोंडी सांगणे, लिहून देणे आणि शक्य तर जागेवर नेऊन दाखविणे, हे तिन्ही करावयाचे. काय झाले यापेक्षा काय अर्धे राहिले आहे ते आधी लिहावयाचे.

लहान वस्तूंचे महत्त्वही असेच. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशात लिमाहून निघालेले बोइंग ७५७ विमान समुद्रात पडले आणि ७० जण मृत्युमुखी पडले. विमान धुताना, पाणी आत जाऊ नये म्हणून, हवेचा दाब मोजणाऱ्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती आणि ती काढावयाची राहिली. पट्टी विमानाच्या रंगासारखीच रुपेरी. ती वरिष्ठांच्या नजरेतून सुटली आणि रात्रीच्या अंधारात वैमानिकाच्या पाहणीतूनही सुटली. त्या भोकांवाचून उंची आणि वेग सांगणारे काटे वेड्यासारखे फिरू लागले. पट्टी न काढणाऱ्या कामगाराला पुढे न्यायालयाने शिक्षा ठोठावली. पट्टी त्याच्या हातून राहिली हे खरेच. परंतु ठळक लाल फीत लटकणारे झाकण त्याच्या हाती दिले असते, तर ती चूक अंधारातही दिसली असती. अपघातानंतर ज्याचा हात शेवटचा लागला त्याला पकडणे सोपे असते. त्याच्या हातात काय दिले होते हे पाहणे कठीण.

आता आमचा धडा सांगतो. आम्ही विशी-बाविशीत एका कारखान्यात हेल्पर होतो. दर दोन तासांनी पंपांवर जाऊन दाब पाहावयाचा, गळती पाहावयाची आणि वहीत लिहावयाचे असे काम. रात्रपाळीला दोन माणसांचे काम एकावर असे. काही महिन्यांत आम्हांला कळून चुकले की आकडा रोज तोच असतो. मग आम्ही पहाटे एका जागी बसून सबंध रात्रीचे रकाने एकदम भरू लागलो. सगळीकडे ‘ठीक’. कोणी विचारले नाही. एका रात्री त्यांतल्या एका पंपाचा जोड सुटला आणि गरम द्रव एका सोबत्याच्या हातावर उडाला. तो वाचला, पण हाताची दोन बोटे पुढे कधी नीट मिटली नाहीत. वही मागविली गेली तेव्हा त्या रात्रीच्या त्या वेळेसमोर आमच्या अक्षरात ‘ठीक’ लिहिलेले होते. आणि अपघात घडला तेव्हा पुढच्या दोन वेळांचे रकानेही भरलेले होते. माणसे कमी होती, हे आम्ही सांगू शकलो असतो आणि ते खरेही होते. परंतु ‘एकट्याने हे होणार नाही’ असे आम्ही आधी कोणालाही सांगितले नव्हते. नोकरी नवी होती, भीती वाटत होती. तो सोबती अजून भेटतो. त्याने कधी बोलून दाखविले नाही. त्याने हात पुढे केला की आमची नजर खाली जाते.

त्या वहीपासून आम्हांला एक कळले. तपासणी बिघडते ती बहुधा अज्ञानाने नव्हे. कॅनडात १९९३ च्या सुमारास गॉर्डन ड्युपाँ यांनी विमान दुरुस्तीतील चुकांची बारा मूळ कारणे मांडली आणि ती यादी आज जगभरच्या हँगरांत भिंतीवर लावलेली असते. तीत ज्ञानाची उणीव हे एक कारण आहे. पण त्याच्या जोडीला थकवा आहे, साधनांची टंचाई आहे, घाईचा दबाव आहे, ‘रोज ठीकच असते’ असा गाफीलपणा आहे, ‘आमच्याकडे असेच करतात’ ही रूढी आहे आणि ठामपणाचा अभावही आहे. या शेवटच्या शब्दाचा मराठी अर्थ आम्ही असा करतो : ‘नाही’ म्हणता न येणे.

त्याचे मोल काय ते अलास्का एअरलाइन्सच्या अपघातावरून कळते. विमानाच्या शेपटीचा आडवा पंख वरखाली करणारा एक मोठा आट्यांचा दांडा असतो आणि त्यावर एक नट असतो. त्या नटाचे आटे झिजले किती हे मोजतात, मर्यादा ०.०४० इंच, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. सप्टेंबर १९९७ मध्ये तपासणीत एका मेकॅनिकने माप घेतले ते नेमके मर्यादेवर आले. त्याने नट बदलावा असे कार्डावर लिहिले. पुढच्या पाळीत पुन्हा माप घेतले गेले, ते ०.०३३ आले आणि विमान नट न बदलता सोडले गेले. दांड्याला वंगण देण्याची मुदतही कंपनीने, सरकारी मान्यतेने, वाढवीत नेली होती. ३१ जानेवारी २००० रोजी ते आटे पुरते झिजून सुटले आणि विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. ८८ माणसे गेली. दुसऱ्यांदा माप घेणे गैर नव्हते. परंतु पहिल्याने ‘बदला’ असे लिहिले असता ते खोडण्यास पहिल्याइतकेच सबळ कारण आणि पहिल्याशी समोरासमोर बोलणे आवश्यक नव्हते काय? शंकेचा फायदा आरोपीस द्यावा हा न्यायालयाचा नियम आहे. हँगरमध्ये शंकेचा फायदा प्रवाशास द्यावयाचा असतो.

मध्यंतरी विमानाच्या कामास लागलेला आमच्या ओळखीचा एक मुलगा घरी आला होता. बाप भातशेती करणारा, घर विमानतळात गेलेले. आम्ही विचारले, “काय रे, जमते का काम?”

तो म्हणाला, “काम आवडतं काका. पण एक गंमत आहे. विमान वेळेवर सुटलं तर आमचं नाव कोणी विचारत नाही. वीस मिनिटं उशीर झाला की चार फोन येतात, कोणामुळे म्हणून.”

“मग तू काय सांगतोस?”

“मी कुठं सांगतो? आमचे साहेब सांगतात. ते म्हणतात, माझ्यामुळे, मी सही केली नाही.” मग जरा थांबून तो म्हणाला, “पण काका, सगळेच साहेब तसे नसतात.”

या एका वाक्यात सारा विषय आला. प्रभावी तपासणी म्हणजे काय असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही पुढीलप्रमाणे सांगू. कार्ड आणि पुस्तक चालू आवृत्तीचे असावे आणि ते पाठ असले तरी समोर उघडे असावे. जागा पुसलेली आणि उजेडाची असावी. घाणीखालचा तडा कोणालाही दिसत नाही. वाट ठरलेली असावी, आणि मध्येच कोणी हाक मारली तर परत येऊन दोन पायऱ्या मागून पुन्हा सुरुवात करावी. हत्यारे मोजून न्यावीत, मोजून आणावीत. करणारा एक, तपासणारा दुसरा असावा. पाहिले तेवढेच लिहावे आणि पाहिल्यावरच लिहावे. आणि या सर्वांवर, सही न करणाऱ्याचे कोणी काही वाकडे करू शकणार नाही अशी व्यवस्था असावी. शेवटची गोष्ट नसेल तर आधीच्या सहाही गोष्टी कागदावर राहतात.

ती व्यवस्था परवान्यातील अधिकाराने निम्मी होते. उरलेली निम्मी माणसांची संख्या, पाळीचे तास, कायम नोकरी आणि पाठीशी उभे राहणारे सहकारी यांतून होते. ज्याची नोकरी महिन्याच्या करारावर आहे, ज्याची सलग तिसरी रात्रपाळी आहे, ज्याला दोघांचे काम दिले आहे, त्याने तत्त्वासाठी विमान थांबवावे अशी अपेक्षा करणे सोपे आहे. आम्ही त्याच्या जागी होतो तेव्हा आम्ही पंपही थांबविला नव्हता. म्हणून युनियनच्या मागणीपत्रात पगाराच्या कलमाशेजारी ‘सही नाकारणाऱ्यास संरक्षण’ हे कलम असले पाहिजे, असा आमचा आग्रह असतो; आणि त्याच मागणीपत्रात सभासदांना हेही बजावलेले असावे की न पाहता केलेल्या सहीच्या पाठीशी संघटना उभी राहणार नाही.

श्रोत्यांपैकी बहुतेकजण हँगरमध्ये कधी जाणार नाहीत. तरी त्यांचाही यात भाग आहे. विमानतळावर ‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ अशी घोषणा होते तेव्हा खिडकीपाशी गर्दी होते, आवाज चढतात. लग्नाचा मुहूर्त असतो, मुलाखत असते, आजारी माणूस वाट पाहात असतो. राग येणे साहजिक आहे. पण त्या वेळी विमानाखाली, उन्हात किंवा पावसात, कोणीतरी एक माणूस बॅटरी घेऊन उभा असतो आणि त्याच्या खिशातला फोन वाजत असतो. आपला चढलेला आवाज त्या फोनवरूनच त्याच्या कानांपर्यंत जातो. आपण जरा हळू बोललो, तर त्याला आणखी दहा मिनिटे पाहता येईल.